इस्तारीच्या घरची माणसं

माणसं मोजणं हे सोपं काम आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा चिचघाटच्या ढिवरटोलीत, म्हणजे मासेमाऱ्यांच्या वस्तीत, जाऊन यावं. मी त्या गावच्या जनपद शाळेत पाच-सहा वर्षं मास्तर होतो. मी मूल गावचा, म्हणजे भातगिरण्या, बाजारपेठ आणि रेल्वेचं स्टेशन पाहिलेला माणूस. वैनगंगेच्या काठच्या या खेड्यात बदली झाली तेव्हा कोणीतरी डूख धरूनच मला इथे पाठवलं आहे अशी माझी खात्री होती, आणि अजूनही आहे. शाळेला तीन भिंती होत्या. चौथ्या बाजूने बकऱ्या यायच्या. गावात इंग्रजी अक्षरं ओळखणारा मी एकटा, त्यामुळे टपालाने आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या दारात यायचा. मी भयंकर चिडायचो आणि लिहून द्यायचो. गुरुजी चिडतात पण लिहून देतात अशी माझी ख्याती झाली, आणि या ख्यातीपायीच इस्तारीचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं.

इस्तारी म्हणजे चाळिशीचा, काळासावळा, हाडापेराने मजबूत गडी. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा नाही, नदीकडे बघायचा. मग समोर तहसीलदार असो की बायको. लाकूड वाहून नेण्यात त्याचा हात धरणारा माणूस आमच्या तालुक्यात नव्हता. जंगलातलं ओलं सागवान पाण्यात टाकलं की सरळ तळाला जातं. इस्तारी त्या ओंडक्यांच्या दोन्ही अंगांना वाळलेल्या बांबूंच्या मोळ्या आवळून तराफा करायचा, आणि पावसाळा सरता सरता नदीत सोडलेला तो तराफा थेट सिरोंच्याच्या घाटाला लावायचा. त्याने मारलेली गाठ वाटेत सुटली असं कोणी ऐकलं नव्हतं.

पण टोलीत त्याचा मान होता तो वेगळ्याच कामासाठी. उन्हाळ्यात गावच्या तलावाचं पाणी आटलं की सगळी टोली एकदम चिखलात उतरते आणि सापडलेली मासोळी पाळीवर, म्हणजे बांधावर, ओतून तिचे वाटे घालतात. वाटा घरामागे नसतो, माणसामागे असतो. आता घरचं माणूस कोणाला म्हणायचं, खरी मेख तिथे आहे. ज्याचं ताट ज्या घरी, तो त्या घरचा. त्याचा बाप कोण, आडनाव काय, हे कोणी विचारत नाही. बाई पोटुशी असली तर तिचे दोन वाटे. त्या वर्षात घरातलं कोणी वारलं असलं तर त्याचाही वाटा निघतो, कारण जाळं विणायला त्याचा हात लागलेला असतो. आणि जाळ्याचा वाटा तर असतोच. हे वाटे घालणारा इस्तारी. एका वर्षी बांगड्या विकणारा एक परदेशी म्हातारा तापाने फणफणून कोणाच्या तरी ओसरीत पडून होता, तर इस्तारीने त्याच्या नावाचेही झिंगे बाजूला काढले. म्हाताऱ्याच्या जातीत मासे खात नसत. इस्तारी म्हणाला की खाणं न खाणं त्याच्याकडे, वाटा घालणं माझ्याकडे.

एवढ्यावरून मी त्याला संत वगैरे म्हणणार नाही. तो पहिल्या नंबरचा हट्टी होता, आणि हट्टी माणसाच्या शेजारी राहणं किती जिकिरीचं असतं ते मला विचारा.

सत्तावन्न साली जंगलात रस्ते होऊ लागले आणि लाकूड ट्रकवरून जायला लागलं. तराफे कमी झाले. इस्तारीला काम देणारे बल्लारशाचे वश्रामशेठ हे कच्छकडचे लाकडाचे व्यापारी. त्यांचा भाऊ आफ्रिकेत टांगानिका नावाच्या मुलखात लाकडाची गिरणी चालवत होता. तिथेही नदी होती, तिथलंही लाकूड पाण्यात बुडत होतं आणि ते तरंगवणारा माणूस भावाला मिळत नव्हता. शेठनी इस्तारीचं नाव सुचवलं. फक्त एक अट घातली. माणूस बायकापोरांसकट यायला हवा, कारण आधी नेलेले दोन सुतार घरच्या आठवणीने रडून रडून पहिल्या आगबोटीने परत आले होते. शेठनी सरकारी परवान्याचा छापील अर्ज पाठवला आणि निरोप धाडला की गुरुजींकडून घरच्या माणसांची नावं भरून घ्या.

इस्तारीच्या घरची माणसं सांगायची तर आधी दोन बायकांचं सांगावं लागेल. एक गोकुळा, त्याची बायको. दुसरी देवकाबाई. देवकाबाई ही इस्तारीच्या पहिल्या बायकोची, चंदाची आई. चंदा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापाने गेली. पोरीचं दुखणं काढायला आलेली म्हातारी पोरगी गेल्यावर तिथेच राहिली, कारण परत जायला तिला जागा नव्हती. नवरा आधीच गेलेला, मुलगा नाही, आणि तिच्या झोपडीत दिराने बकऱ्या बांधल्या होत्या. पुढे इस्तारीला दुसरी बायको पाहायला तीच चामोर्शीकडे पायी गेली, तिनेच गोकुळाला पसंत केलं, तिनेच हळद दळली. आणि गोकुळा घरात आली त्या दिवसापासून दोघींचं जे जुंपलं ते दहा वर्षं चालूच होतं.

भांडायला त्यांना कारण लागायचं नाही. मीठ जास्त झालं, मरळ आडवी चिरली, पोराच्या अंगाला तेल कमी लावलं, काहीही चालायचं. म्हातारी म्हणायची, माई चंदा असं करत नव्हती. ती चंदाचं नाव काढायची आणि गोकुळा भांडं आपटायची. मी सांगतो, सकाळी त्यांचा आवाज आला की मी शाळेची घंटा द्यायचो. घड्याळापेक्षा तो आवाज भरवशाचा होता. पण गोकुळाची दोन्ही लेकरं, लच्छू आणि धुरपता, म्हातारीच्याच हातावर जन्मली आणि तिच्याच कुशीत निजायची, हेही खरं.

तर एका सुट्टीच्या दिवशी इस्तारी अर्ज घेऊन आला आणि नदीकडे तोंड करून बसला. मी दौत उघडली आणि नावं सांग म्हटलं. त्याने स्वतःचं, गोकुळाचं, दोन्ही पोरांचं आणि देवकाबाईचं नाव सांगितलं. तिथे थांबला असता तर माझा दिवस चांगला गेला असता. पण तो म्हणाला, "अन् चंदा."

मी म्हटलं, अरे ती मेली ना? तो म्हणाला की मेली हे बरोबर आहे, पण म्हातारी रोज जेवताना तिच्या नावाचा घास बाजूला काढते, म्हणजे ताट आमच्याच घरी. मी त्याला समजावलं की मेलेल्या माणसाला आगबोटीत बसवत नाहीत. त्याने थोडा विचार केला आणि वारलूचं नाव सांगितलं. वारलू हा टोलीतला एकटा सडाफटिंग, तो दोन वेळा इस्तारीकडे जेवायचा. मी विचारलं, वारलू यायला तयार आहे का? तर वारलूला समुद्राची भीती वाटत होती आणि तो येणारच नव्हता. मग नाव कशाला? इस्तारी म्हणाला, येणार नसला तरी घरातला आहे, घरच्यांमध्ये लिहायला काय जातं. यानंतर त्याने जाळ्याचं नाव काढलं.

तेव्हा माझा संयम सुटला. मी त्याला सांगितलं की हा सरकारी अर्ज आहे, तलावाची पाळ नाही. इथे जाळं, मेलेली माणसं आणि न येणारे वारलू लिहिले तर साहेब तुला नाही, मला वेड्यात काढतील. इस्तारी नदीकडे बघत म्हणाला की बरं, जाळं सामानात धरा. चंदाचं नावही त्याने सोडलं, पण बोलता बोलता हात जोडले, कोणाला ते मला कळलं नाही. शेवटी पाच नावं राहिली.

त्याच्यामागोमाग दुसऱ्या दिवशी गोकुळा आली. पदराखाली मोठी जिवंत मरळ होती. ती तिने माझ्या घागरीत सोडली आणि म्हणाली, "गुरुजी, बुढीचं नाव राहू द्या."

राहू द्या म्हणजे अर्जात घालू नका. तिचं म्हणणं तिने अगदी सरळ सांगितलं. आफ्रिका कुठे आहे, तिथे काय खातात, लोक कसे दिसतात, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पण ती जागा इतकी लांब आहे की देवकाबाईचा आवाज तिथे पोचणार नाही, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं, आणि तेवढ्यासाठी ती समुद्र ओलांडायला तयार होती. दहा वर्षं मी मेलेल्या बाईच्या मागे उभी आहे, एकदा तरी माझ्या चुलीवर माझं राज्य असू द्या, असं ती म्हणाली. हे बोलताना तिचे डोळे भरून आले होते, म्हणून मी रागावलो नाही. मी म्हटलं की नावं इस्तारीने सांगितली आहेत, मी खोडू शकत नाही. मरळ मात्र ठेवून घेतली. ती परत दिली असती तर गोकुळाला वाईट वाटलं असतं, आणि मला त्याहून जास्त.

आणि ज्या बाईवरून हे चाललं होतं, ती जायला सगळ्यांत उतावीळ. देवकाबाई रोज मधल्या सुट्टीत शाळेत यायची आणि पोरांसमोर मला प्रश्न विचारायची. आगबोट नदीतून जाते की कसं, तिथे मोहाची फुलं पडतात का, तिथली माणसं मेल्यावर जाळतात की पुरतात. समुद्राचं पाणी खारट असतं असं मी सांगितलं तेव्हा ती फार खूश झाली. म्हणाली की मग गोकुळाने मीठ जास्त टाकलं तरी कळणार नाही. तिने वाळवलेली मासोळी गाडग्यात भरून तोंड बांधून ठेवली होती. उभ्या जन्मात ती मार्कंड्याच्या जत्रेपलीकडे गेली नव्हती, पण टोलीत बसून आफ्रिकेबद्दल अशी बोलायची की जणू मधल्या काळात जाऊन आली.

अर्ज बल्लारशाला गेला आणि शेठच्या मुनीमाने तो परत पाठवला. देवकाबाईच्या नावापुढे मी नातं लिहिलं होतं, वारलेल्या पहिल्या बायकोची आई. मुनीमाने कळवलं की असलं नातं सरकारच्या वहीत बसत नाही. बायको चालते, अज्ञान मुलं चालतात, आणि अर्जदाराची म्हातारी आई चालते. तेव्हा आई असं लिहा आणि मोकळे व्हा. इस्तारीची खरी आई तो लहान असतानाच गेली होती, त्यामुळे जागा रिकामी होती. इस्तारीला हे पटलं नाही. तो म्हणाला की माणूस घरचं आहे हे पुरत नाही का, त्याला दुसरं नाव कशाला द्यायचं. पण देवकाबाई म्हणाली, माय त माय, त्यात काय बिघडते. मी नातं बदललं. गोकुळाने घरात भांडं आपटलं, एवढाच काय तो निषेध झाला.

मग गावोगावची चौकशी करणारे गुणवंतराव आले. तहसिलीतले जुने कारकून, बैलबंडीने कंबर धरलेली, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी शाळेच्या पडवीत बैठक मारली आणि कोतवालाकरवी टोलीला बोलावणं पाठवलं. टोली सगळी आली, कारण टोलीला काम नव्हतं. गुणवंतरावांनी सुरुवातच चुकीची केली. त्यांनी जमलेल्या लोकांना मोठ्याने विचारलं की इस्तारीच्या घरी कोण कोण जेवतं, ते पुढे या.

आता हा प्रश्न टोलीने जन्मभर एकाच कामासाठी ऐकलेला. काहीतरी वाटलं जाणार आहे अशी सगळ्यांची समजूत झाली. पहिल्यांदा वारलू पुढे आला, त्याचा तर हक्कच होता. मग शेजारची मंगली आली, कारण तिचा नवरा पुरात गेला तेव्हा ती चार महिने इस्तारीकडे जेवली होती. मग झिंगू आला. मग झिंगूची बायको तिच्या पोटावर हात ठेवून आली आणि दोन धरा म्हणाली. नावं लिहिता लिहिता गुणवंतरावांचा हात दुखायला लागला. शेवटी कोतवाल, ज्याने सगळ्यांना बोलावून आणलं होतं, तोही हळूच रांगेत उभा राहिला. गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण पावसाळ्यात माझी चूल पेटेनाशी झाली की मीही इस्तारीकडेच जेवत असे, आणि सरकारी चौकशीत खोटं बोलायची मला सवय नव्हती.

तो कागद फाडून गुणवंतरावांनी दुसरा घेतला आणि अर्जातली पाचच माणसं समोर बोलावली. इस्तारी, गोकुळा आणि पोरं झटपट झाली. मग देवकाबाई आली. नवं लुगडं नेसलेली, केसांना तेल चोपडलेलं. काय बोलायचं ते तिने आठ दिवस घोकलं होतं. तुम्ही अर्जदाराच्या कोण, या प्रश्नाला तिने खणखणीत उत्तर दिलं की माय. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. गुणवंतरावांनी लिहून घेतलं आणि नुसतं विचारायचं म्हणून विचारलं की तुम्हाला लेकरं किती.

"एकच."

"नाव?"

इस्तारी म्हणायचं होतं. तीनच अक्षरं. पण म्हातारी म्हणाली, "चंदा."

गुणवंतरावांनी मान वर केली. ही चंदा कोण, कुठे असते, असं त्यांनी विचारलं. म्हातारी म्हणाली की वारली. सासर कुठलं होतं? म्हातारी म्हणाली की हेच. गुणवंतरावांनी टाक खाली ठेवला आणि अतिशय हळू आवाजात विचारलं की बाई, म्हणजे तुम्ही आपली मुलगी आपल्याच मुलाला दिलीत का?

म्हातारी त्यांच्यासमोर उभीच होती. आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं होतं, आणि ते सावरून घ्यायला एक वाक्य पुरलं असतं. चंदा ही दुसऱ्याची होती, किंवा मी चुकले, किंवा काहीही. गुणवंतराव वाट बघत होते. त्यांनाही ते वाक्य हवंच होतं, कारण त्यांना संध्याकाळच्या आत मुक्कामाला पोचायचं होतं.

"नाई साहेब," देवकाबाई म्हणाली. "मी याची माय नोहो. मी याची माय झाली त माई पोरगी याची बहीन होते. मंग तिचं लगन खोटं होते. आफ्रिकेसाठी मी तिले खोटी नाई करत."

गुणवंतरावांनी बराच वेळ कागद खालीवर केला. या बाईला कुठे बसवता येईल ते ते मनापासून बघत होते. मग त्यांनी गोकुळाला विचारलं की ही तुझी कोणी लागते का, मावशी, आत्या, काहीही. गोकुळा पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. तिने तोंड फिरवलं आणि नाही म्हणाली. गुणवंतरावांनी शेरा मारला आणि बैलबंडी जुंपायला सांगितली.

त्या संध्याकाळी इस्तारीच्या घरातून भांडणाचा आवाज आला नाही. शेजारच्या बायका दोनदा डोकावून गेल्या, सगळे धड आहेत ना ते बघायला. दुसऱ्या दिवशी शाळा उशिरा भरली.

पुढे दोनेक महिन्यांनी वश्रामशेठ स्वतः चिचघाटला आले. परवाना आला होता. शेठना घाई होती. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटीत जागा धरायची होती आणि इस्तारीचा अंगठा हवा होता. शाळा सोडून मी सगळ्यांना पडवीत बसवलं आणि इंग्रजी कागद मराठीत सांगू लागलो. इस्तारी, गोकुळा, लच्छू, धुरपता, चौघांना यायला परवानगी. खाली देवकाबाईचं नाव होतं आणि त्यावर लाल शाईची रेघ, शेजारी इंग्रजी शेरा. तोही मी मराठीत सांगितला.

शेठ दिलदार माणूस होते. त्यांनी लगेच सांगितलं की म्हातारीच्या दोन वेळच्या जेवणाची सोय मी करतो, गावात कोणाकडे तरी धान्य पाठवत जाईन. इस्तारी नदीकडे बघत होता. ज्या माणसाने परक्या बांगडीवाल्याचा वाटा चुकवला नाही, त्याच्यापुढे आता हा कागद होता. मला त्याची दया आली आणि रागही आला. जा म्हण, नाही तर राहतो म्हण, नदी तुला काय सांगणार आहे?

बोलली ती देवकाबाई. ती एका कोपऱ्यात बसली होती. तिने सांगून टाकलं की सगळ्यांनी जावं. मासोळीचं गाडगं न्यावं. धुरपताला रात्री खोकला येतो, तिच्या छातीला कोमट तेल लावावं, जास्त गरम नाही. लच्छू भाताखाली मासा लपवतो आणि नाही वाढला म्हणतो, त्याच्यावर लक्ष ठेवावं. हे सगळं ती गोकुळाला सांगत होती, पण बघत होती जमिनीकडे. एकदाही चंदाचं नाव घेतलं नाही.

गोकुळाला जे हवं होतं ते बरोब्बर तिच्या हातात आलं होतं. चार नावं, स्वतःची चूल, मध्ये समुद्र. मी तिच्याकडे बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. कपाळाला आठ्या होत्या.

"गुरुजी," ती म्हणाली, "बुढीचं काय लिवलं ते पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. सदर बाईचं या कुटुंबातल्या कोणाशीही कसलंही नातं आढळून आलं नाही.

"म्हंजे कोणीच नाई?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

गोकुळाने पदर कमरेला खोचला. ही तिची भांडणाची तयारी आम्हाला माहीत होती, पण समोर कोण आहे ते कळेना. शेठ उगाच जरा मागे सरकले.

"मंग दहा वर्षं मी कोणासंग भांडून राह्यली?" ती म्हणाली. "सकाळी उठली का माया डोक्यावर बसे ते कोण होती? दोन्ही टाइमाले मायं बाळंतपण केलं, माया लेकराईचा गू-मूत काढला, ते कोणीच नाई? त्या साहेबाले काय मालूम? लिवा गुरुजी, आमी येत नाई."

इस्तारीने पहिल्यांदाच नदीवरची नजर काढली आणि बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. शेठनी खूप समजावलं. अशी संधी परत येत नाही, पोरं शिकतील, घर बांधाल. सगळं खरं होतं. गोकुळा ऐकत होती आणि मान हलवत होती, पण नकाराची. शेवटी शेठनीच मला सांगितलं की नकाराचं कारण लिहून द्या, भावाला कळवावं लागेल. असल्या गोष्टीचं कारण कागदावर काय लिहिणार? मी लिहिलं, घरगुती अडचण, आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

हे ऐकून देवकाबाई ताडकन उठली. मी अडचण का, असं तिने आधी मला विचारलं. मग मला सोडून ती गोकुळावर घसरली. तिला स्वतःला जायला मिळत नव्हतं याचं दुःख होतंच, पण तिच्यामुळे कोणीच जात नाही हे तिला सोसवत नव्हतं. तुझ्या बापाने तरी आगबोट पाहिली होती का, पोरांचं नशीब फोडायला निघालीस, तुझ्यासारखी अक्कलशून्य बाई मी स्वतः पायी जाऊन पसंत केली, माझेच डोळे फुटले होते, असं बरंच बोलली.

"जा ना वं तुमी," ती म्हणाली. "मायं काय, मी म्हातारं माणूस. मरन इथीच कुठी."

"मराचं असन त मायासमोर मर," गोकुळा म्हणाली.

गोकुळा धुरपताला काखोटीला मारून पडवी उतरली. दहा पावलं गेल्यावर ती थांबली आणि मागे न बघता म्हातारीला म्हणाली, "चाल ना मंग."